रेटा शून्य, सिद्धांत तीन

मागे काहीही न फेकता पुढे जाणारे अंतराळयान हा एकदा लागून भागेल असा शोध नाही. गेल्या शंभर वर्षांत तो अमेरिकेत लागला, इंग्लंडमध्ये लागला, चीनमध्ये लागला, पुन्हा अमेरिकेत लागला, आणि दर वेळी पहिल्यांदाच लागला. प्रत्येक वेळी मंगळ काही आठवड्यांच्या अंतरावर येतो आणि मासिकांतून भविष्यातील यानांची चित्रे झळकतात. चित्रकार बहुधा त्या यानाच्या मागून एक निळा झोत काढतोच. निदान त्याचा तरी न्यूटनवरचा विश्वास शाबूत असतो. पुढे मोजमाप सुधारते आणि शोध आला तसा परत जातो. त्याच्या येण्याची बातमी मुखपृष्ठावर असते. जाण्याची बातमी एखाद्या परिषदेच्या इतिवृत्तात, आलेखांसह.

नेहमीच्या रॉकेटचे तत्त्व नववीच्या विज्ञानात शिकवले जाते. वायू वेगाने मागे फेकला की यान पुढे जाते. फेकलेल्या वायूचा संवेग आणि यानाचा संवेग यांची बेरीज आधी जेवढी होती तेवढीच नंतर राहते. याला संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतात. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे सापेक्षता आली, पुंज भौतिकी आली, पण हा नियम दोघांनीही जसाच्या तसा ठेवून घेतला. बंद पडलेली एसटी ढकलायची तर प्रवाशांना खाली उतरावे लागते, कारण पाय रोवायला रस्ता हवा. सगळ्यांनी आत बसूनच समोरच्या सीटला जोर लावला तर फार तर सीट मोडते. इथे चर्चिलेल्या यंत्रांचा दावा थोडक्यात असा, की सीटचा आकार योग्य असेल आणि जोर योग्य वारंवारतेने लावला, तर गाडी हलते.

ही यंत्रे ऊर्जेशिवाय चालतात असे त्यांचे निर्माते म्हणत नाहीत. वीज लागते, आणि बरीच लागते. नको असतो तो केवळ मागे फेकायचा माल. हा मालच खरा महाग आहे. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली मांडलेल्या समीकरणानुसार यानाला दुप्पट वेग हवा असेल, तर निघतानाचे आणि पोचतानाचे वजन यांचे गुणोत्तर दुप्पट करून चालत नाही. त्याचा वर्ग करावा लागतो. माणसाला चंद्रावर नेणारे सॅटर्न-५ रॉकेट जमिनीवरून निघताना सुमारे २,९०० टनांचे होते. पृथ्वीवर परत आली ती सुमारे ५ टनांची कुपी. उरलेले सारे वाटेत जाळले, फेकले किंवा सोडून दिले. अंतराळप्रवास हा मुख्यतः सामान टाकत जाण्याचा उद्योग आहे, आणि त्यावर कोणी तोडगा सांगू लागला तर दोन मिनिटे ऐकून घ्यावे असे शहाण्या माणसालाही वाटते.

नासाने दोन मिनिटांपेक्षा जास्त ऐकले. १९९६ ते २००२ या काळात मार्क मिलिस यांच्या नेतृत्वाखाली प्रणोदनातील क्रांतिकारक भौतिकीचा एक प्रकल्प चालवला गेला. त्यावर एकूण सुमारे १२ लाख डॉलर खर्च झाले, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यापर्यंत पोचण्याचा प्रश्न सरकारी मानाने स्वस्तातच हाताळला गेला. क्रांती हाती लागली नाही, अनुभव मात्र लागला. त्या अनुभवावर मिलिस यांनी एका सहकाऱ्यासह २००६ साली एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता, यांत्रिक प्रतिगुरुत्वाची यंत्रे घेऊन येणाऱ्यांना विधायक उत्तर कसे द्यावे. एखाद्या कार्यालयाला विशिष्ट अर्जासाठी उत्तराचा मसुदा तयार ठेवावा लागतो, तेव्हा तसे अर्ज किती येत असतील हे वेगळे सांगावे लागत नाही.

या यंत्रांचे अभ्यासाच्या सोयीसाठी चार वर्ग पाडता येतात: थरथरणारी, गरगरणारी, चरचरणारी आणि निमूट.

थरथरणाऱ्या यंत्रांचे आद्य उदाहरण नॉर्मन डीन यांचे. डीन हे वॉशिंग्टनमधले सरकारी नोकर. १९५९ साली त्यांना या यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. यंत्रात उलटसुलट दिशांनी फिरणारी, मध्य सोडून बसवलेली वजने होती आणि फिरण्याचे रूपांतर सरळ पुढे जाण्यात होते असा दावा होता. असे यंत्र फरशीवर खरोखरच सरकू शकते. त्यामागचे कारण फरशी हे असते. वजनांच्या फेऱ्यात यंत्राला एका दिशेला झटका बसतो आणि दुसऱ्या दिशेला सावकाश ओढ बसते. सावकाश ओढीच्या वेळी घर्षण यंत्राला धरून ठेवते, झटक्याच्या वेळी हार मानते, आणि यंत्र बोटभर पुढे जाते. वजनकाट्यावर ठेवले तर काट्याची स्प्रिंग त्या थरथरीने गोंधळते आणि वजन कमी दाखवते. अंतराळात फरशी नसते, एवढीच या वर्गातील यंत्रांची अडचण आहे. विज्ञानकथांच्या एका नामवंत मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना ती अडचण वाटली नाही. १९६० साली त्यांनी डीन यांचा जोरदार पुरस्कार केला आणि हे यंत्र अणुपाणबुडीला जोडले की तिचेच अंतराळयान होईल असे सुचवले. पाणबुडी हवाबंद असते, हा त्यातला बिनतोड मुद्दा होता.

गरगरणाऱ्या यंत्रांना अधिक प्रतिष्ठित पुरस्कर्ता लाभला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील प्राध्यापक एरिक लेथवेट यांचे रेखीय विद्युत मोटरीवरचे काम अस्सल होते. रुळांना न टेकता धावणाऱ्या मॅग्लेव्ह गाड्यांच्या इतिहासात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९७४ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात त्यांनी भरधाव फिरणारा जड जायरोस्कोप एका हाताने सहज उचलून दाखवला आणि त्याच्या वागण्याला न्यूटनचे नियम पुरत नाहीत असे सुचवले. फिरत्या चक्राचे वजन कोठेही गेलेले नसते. ते अक्षाभोवती घिरट्या घेत असल्यामुळे हाताला वेगळ्या तऱ्हेने तोलावे लागते, एवढेच. उचलणाराच वजनकाट्यावर उभा राहिला, तर काटा सारे वजन इमानाने मोजून दाखवतो. ते व्याख्यान संस्थेने आपल्या इतिवृत्तात छापले नाही. एका क्षेत्रातील अधिकारी माणूस शेजारच्या क्षेत्रात गेल्यावर त्याचा अधिकार त्याच्याबरोबर जातो, ज्ञान मात्र घरीच राहते. या नियमाला घर्षणाइतकेच कमी अपवाद आहेत.

चरचरणारी यंत्रे उच्च विद्युतदाबावर चालतात. अमेरिकेतील थॉमस टाउनसेंड ब्राउन यांनी १९२० च्या दशकात पाहिले, की प्रचंड दाबाच्या विद्युत उपकरणावर एका दिशेने रेटा येतो. १९२८ साली त्यांना त्याचे ब्रिटिश पेटंट मिळाले. विजेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा गुप्त संबंध सापडला असे त्यांचे मत होते. पातळ फॉइल आणि तार यांचे त्रिकोणी यंत्र बनवून हौशी लोक आजही ते टेबलावर तरंगवतात. यंत्र खरे आहे आणि रेटाही खरा आहे; खोटे आहे ते ‘मागे काही फेकत नाही’ हे वाक्य. तारेजवळची हवा विद्युतभारित होते आणि वाहू लागते. यंत्र ती हवाच मागे फेकते. याच आयन-वाऱ्यावर अमेरिकेतील एमआयटीच्या अभियंत्यांनी २०१८ साली एक लहान विमान उडवून दाखवले. त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख केला नाही. विमानही त्यावाचून उडाले.

चौथा वर्ग निमूट यंत्रांचा. यांत काही हलत नाही, फिरत नाही, ठिणगी पडत नाही. म्हणून शंकेला जागा शोधणे कठीण जाते. या वर्गाचा राजा म्हणजे ‘एमड्राइव्ह’. ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांनी तो मांडला आणि २००१ साली ब्रिटनच्या व्यापार व उद्योग खात्याने त्यासाठी त्यांच्या कंपनीला ४५,००० पौंडांचे अनुदान दिले. एमड्राइव्ह म्हणजे तांब्याचा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद, सर्व बाजूंनी बंद डबा. त्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. त्या आतल्या आत आपटत राहतात. रुंद टोकावर लहरींचा दाब जास्त, अरुंद टोकावर कमी, म्हणून डबा एका दिशेला सरकतो, असा शॉयर यांचा हिशेब होता. हिशेबात दोन्ही टोके जमेस धरलेली होती. त्यांना जोडणाऱ्या तिरक्या भिंतीवरही दाब पडतो आणि तो मिळवला की बेरीज शून्य येते, हे टीकाकारांनी दाखवून दिले. सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ या विज्ञान साप्ताहिकाने एमड्राइव्हवर मुखपृष्ठकथा केली. त्यावर जाहीर आक्षेप घेणाऱ्यांत आघाडीवर होते ऑस्ट्रेलियातील विज्ञानकथालेखक ग्रेग इगन. १९६० साली विज्ञानकथांचा संपादक अशा यंत्राच्या बाजूने उभा होता. २००६ साली विज्ञानाचे साप्ताहिक बाजूने आणि विज्ञानकथालेखक विरुद्ध, अशी जागांची अदलाबदल झाली होती.

एमड्राइव्हचा पुढचा इतिहास आकड्यांत सांगणेच सोयीचे आहे. चीनमध्ये शिआन येथील नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठात यांग ज्वान यांच्या गटाने २.५ किलोवॅट शक्तीला ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे दर किलोवॅटमागे सुमारे २८८. अमेरिकेत नासाच्या ह्यूस्टनमधील जॉन्सन अंतराळ केंद्रात हॅरोल्ड व्हाइट यांच्या लहानशा प्रयोगशाळेने २०१६ साली ‘जर्नल ऑफ प्रोपल्शन अँड पॉवर’मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा होता दर किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने २०२१ साली जाहीर केलेला आकडा शून्य. प्रयोगशाळा जसजशी काटेकोर होत गेली तसतसे इंजिन थकत गेले. जगातली बाकीची इंजिने चांगल्या प्रयोगशाळेत नेली तरी आपला जोर टिकवून असतात.

या घसरणीची प्रत्येक पायरी सविस्तर पाहण्याजोगी आहे. शिआनच्या गटाने पुढे वीजपुरवठ्याची तार काढून टाकली आणि बॅटरी यंत्रातच बसवली. रेटा मापनाच्या चुकीच्या मर्यादेत विरून गेला. जे ढकलत होते ते इंजिन नसून तार होती. हा निष्कर्ष त्याच गटाने स्वतः छापला, ही गोष्ट त्यांच्या नावावर जमा धरली पाहिजे. ह्यूस्टनमध्ये २०१४ साली एमड्राइव्हबरोबरच ग्वीडो फेट्टा या अमेरिकी संशोधकाचे भावकीतले एक यंत्र तपासले गेले. फेट्टांच्या मते त्यांच्या यंत्राचा रेटा आतल्या एका बाजूच्या खाचांमुळे निर्माण होत होता. म्हणून तुलनेसाठी खाचा नसलेले, रेटा न देणारे दुसरे यंत्र करण्यात आले. दोन्ही यंत्रांनी रेटा दिला. हा प्रयोग निर्वात कक्षात झाला. कक्षाचे दार रीतसर बंद होते, मात्र आतली हवा काढलेली नव्हती, कारण वापरलेली काही विद्युत उपकरणे निर्वातात टिकणारी नव्हती. बाहेर बातमी गेली ती ‘नासाने अशक्य इंजिनावर शिक्कामोर्तब केले’ अशी. हवेने भरलेला निर्वात कक्ष आणि चालू नये म्हणून बनवलेले पण चालणारे यंत्र हे दोन तपशील मथळ्यात मावणारे नव्हते.

२०१६ च्या निबंधातील प्रयोग हवा काढून केला होता. तेथे ४० ते ८० वॅट शक्ती वापरली गेली. ८० वॅटला मिळणारा रेटा १०० मायक्रोन्यूटनांच्या आतबाहेर होता, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम वजनाएवढा. एवढा रेटा मोजायला पिळावर टांगलेला नाजूक तराजू लागतो, आणि अशा तराजूला इंजिनाखेरीज इतर पुष्कळ गोष्टी ढकलू शकतात. ड्रेस्डेनचे काम या इतर गोष्टींची हजेरी घेण्याचे होते. २०१८ साली त्यांनी इंजिनाचे तोंड वळवले. रेट्याची दिशा अपेक्षेप्रमाणे वळली नाही. मग लहरी इंजिनापर्यंत पोचू न देता वाटेतच क्षीण केल्या. रेटा होता तसाच राहिला. इंजिन बंद असताना मिळणारा रेटा हा इंधनबचतीचा कळस म्हणावा लागेल. संशयाचे बोट होते तारांतला विद्युतप्रवाह आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्याकडे. २०२१ च्या अधिक काटेकोर मांडणीत उरलेल्या रेट्याचेही मूळ सापडले: वीज सुरू झाली की इंजिन तापते, ज्या आधारावर ते बसवले आहे तो प्रसरण पावून किंचित वाकतो आणि तराजूचा शून्यबिंदू सरकतो. आधाराची रचना बदलताच रेटा नाहीसा झाला. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण निमित्ते सांगणाऱ्यांसाठी आहे. इथे अंगण खरोखरच वाकले होते आणि नाचत होते तेही अंगणच.

शून्य रेट्याचे स्पष्टीकरण देणे सोपे आहे असे वाटेल, पण या शून्याला तीन स्वतंत्र सिद्धांत लाभले. शॉयर यांच्या मते कारण विशेष सापेक्षता सिद्धांतात होते. व्हाइट यांच्या मते निर्वात पोकळीतील आभासी कणांना यंत्र मागे ढकलत होते. प्लिमथ विद्यापीठातील माइक मॅकलॉक यांच्या मते जडत्वच ठरावीक टप्प्यांत बदलत होते. तिन्ही सिद्धांत परस्परांना छेद देणारे, आणि तिन्हींचे गणित प्रयोगाच्या आकड्यांच्या आसपास पोचणारे. आकडे नाहीसे झाल्यावर सिद्धांतांनी मात्र जागा सोडली नाही. मॅकलॉक यांच्या संशोधनाला अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, २०१८ साली १३ लाख डॉलरचे साहाय्य दिले. आधी घटना आणि मग कारण, हा क्रम विज्ञानात रूढ आहे. या क्षेत्रात कारणे आधीच तयार असतात आणि त्यांना साजेशा घटनेचा शोध चालू असतो.

हे दावे प्रयोगापर्यंत येण्याआधीच तपासण्याची एक कागदी कसोटी आहे. इंजिनाने यानावर केलेल्या कामाचा दर म्हणजे रेटा गुणिले वेग. वीज तेवढीच घेऊन इंजिन तेवढाच रेटा देत राहिले, तर वेग वाढता वाढता अशी वेळ येते की यानाला दर सेकंदाला मिळणारी ऊर्जा खर्चलेल्या विजेपेक्षा जास्त होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा क्षण ह्यूस्टनच्या आकड्यानुसार सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटर वेगाला येतो. शिआनच्या पहिल्या आकड्यानुसार तो सेकंदाला साडेतीन किलोमीटरलाच येतो, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक याच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरत असते. तेथे असे इंजिन बसवून त्यावर जनित्र चालवले, तर इंजिनाची वीज भागून उरलेली विकता येईल. नेमकी प्रकाशझोताचीच गोष्ट वेगळी. प्रकाश मागे फेकला तर दर किलोवॅटला सुमारे ३.३ मायक्रोन्यूटन रेटा मिळतो, आणि त्याचा हा क्षण प्रकाशाच्या वेगाला येतो, जेथे यान कधीच पोचत नाही. निसर्गाने हिशेब चोख ठेवला आहे. यावरून नियम असा निघतो, की सोबत नेलेले किंवा बाहेर सापडणारे काहीही मागे न फेकता दर किलोवॅटला ३.३ मायक्रोन्यूटनांहून जास्त रेटा देणारे प्रत्येक इंजिन हे वेषांतर केलेले शाश्वतगती यंत्र असते. शोधक मंगळाबद्दल बोलतात. वीजटंचाई कायमची मिटवल्याचे श्रेय ते विनयाने घेत नाहीत.

या हिशेबाची जाण ठेवून काही जण नम्रपणे पुढे येतात. नासाच्या मार्शल केंद्रातील अभियंते डेव्हिड बर्न्स यांनी २०१९ साली सर्पिल मार्गाने आयन फिरवणाऱ्या इंजिनाची कल्पना मांडली. त्याची लांबी सुमारे २०० मीटर, व्यास १२ मीटर, वीज १६५ मेगावॅट आणि रेटा १ न्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाएवढा. कल्पना चुकीची निघू शकते हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले. तज्ज्ञांनी त्या सूचनेला मान दिला.

दावे पुन्हा पुन्हा का होतात याचे उत्तर अप्रामाणिकपणात शोधण्याची गरज नसते. बहुतेक शोधक मनापासून फसलेले असतात. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९५३ सालच्या एका व्याख्यानात अशा विज्ञानाची लक्षणे सांगितली. परिणाम नेहमी मोजता येण्याच्या सीमेवर असतो; कारण वाढवले तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही; अचूकता अफाट असल्याचा दावा असतो; आक्षेपाला तत्काळ नवे उत्तर तयार असते; आणि समर्थकांची संख्या टीकाकारांच्या बरोबरीला येऊन हळूहळू विस्मृतीत जाते. एमड्राइव्ह तेव्हा अर्धशतक दूर होता, तरी यादीत फारशी भर घालावी लागत नाही.

आक्षेपकांना हमखास ऐकवले जाणारे एक उत्तर म्हणजे अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात गॉडर्ड यांची टर उडवली. निर्वातात रॉकेटला ढकलायला काही नसते, मग ते चालणार कसे, हे शाळकरी मुलालाही कळते, असा त्याचा सूर होता. अपोलो-११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या दैनिकाने चूक दुरुस्त केली. ही कथा अशा प्रत्येक यंत्राच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून उभी केली जाते, पण साक्ष ती उलट देते. गॉडर्ड यांचे रॉकेट वायू मागे फेकत होते आणि न्यूटनचा तिसरा नियम अक्षरशः पाळत होते. तो नियम विसरले होते ते वृत्तपत्र.

दुसरा बचाव पेटंटचा. पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची कबुली. यंत्र चालते याची हमी नव्हे. डीन आणि ब्राउन दोघांकडेही पेटंट होते. जे यंत्र चालत नाही ते दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय बनवू नये, एवढे संरक्षण त्यांना मिळाले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(अ) याबाबत अधिक सावध आहे: प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघडउघड विरुद्ध जाणारा दावा त्यानुसार पेटंटयोग्य शोध ठरत नाही. न्यूटनला भारतीय संसदेने दिलेले हे संरक्षण फारसे परिचित नाही.

तराजूच्या सगळ्या भानगडी टाळण्याचा मार्ग एकच, इंजिन अंतराळात नेऊन सुरू करणे. तेही झाले. मॅकलॉक यांच्या सिद्धांतावर आधारलेले अमेरिकी कंपनी आयव्हीओचे यंत्र ११ नोव्हेंबर २०२३ रोजी बॅरी-१ या लहान उपग्रहावरून कक्षेत गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपग्रहाच्या वीजव्यवस्थेत बिघाड होऊन संपर्क तुटला, तोपर्यंत इंजिन सुरू करण्याची पाळीच आली नव्हती. हवा नसलेल्या, फरशी नसलेल्या आणि तराजू नसलेल्या जागी पोचल्यावर परीक्षाच रद्द झाली.

लहान रेट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशीही तक्रार असते. तिचे खंडन दोन उदाहरणांनी होते. १९७२ आणि १९७३ साली सुटलेली पायोनियर-१० आणि पायोनियर-११ ही याने सूर्यमालेबाहेर जाताना हिशेबापेक्षा किंचित मंदावत होती. फरक ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककाच्या सुमारे अब्जाव्या भागाएवढा होता. शास्त्रज्ञांनी तो नाकारला नाही. जुन्या चुंबकीय फिती आणि कागदपत्रे धुंडाळली आणि २०१२ साली उत्तर दिले. यानातील उष्णता सगळीकडे सारखी बाहेर पडत नव्हती, आणि त्या उष्णतेचा रेटा यानाला मागे ओढत होता. नवे भौतिकशास्त्र निघण्याची संधी उष्णतेच्या जमाखर्चात संपली, आणि ती संपवणाऱ्यांनी समाधानाने निबंध छापला. दुसरे उदाहरण जपानच्या इकारोसचे. २०१० साली या यानाने अंतराळात १४ मीटर बाजूचे चौरस शीड उलगडले आणि सूर्यप्रकाशाचा रेटा १.१२ मिलिन्यूटन भरला. ह्यूस्टनमध्ये एका किलोवॅटमागे सांगितलेल्या रेट्याहूनही हा थोडा कमीच. कोणी शंका घेतली नाही, कारण रेटा कोठून आला हे सूर्याकडे पाहून कळत होते.

म्हणजे मागे काही न फेकता प्रवास करण्याच्या रीती आहेत आणि त्या जुन्या आहेत. सगळ्यांत अट एकच, पाय रोवायला बाहेरचे काहीतरी हवे. शिडाला प्रकाश पुरतो. भारताच्या इन्सॅट-२ मालिकेतील उपग्रहांना एकाच बाजूला सौरपट्टे होते, आणि त्यांवरील प्रकाशदाबाने उपग्रह वळू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक शीड लावलेले असे. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनी यांच्या जवळून जाताना त्यांच्या गतीतला अंश उचलला आणि त्या प्रमाणात ते ग्रह मंदावले, अर्थात कोणत्याही तराजूला कळणार नाही इतके. लांब वाहक दोर कक्षेत सोडून त्यातून विद्युतप्रवाह नेला, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेता येतो. या कोणत्याही साधनाला नवा सिद्धांत लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांच्यावर मुखपृष्ठकथा कमी निघतात.

नव्या दाव्याची तपासणी कशी करावी हेही आता ठरून गेले आहे. वीज यंत्राच्या आतच असावी, म्हणजे तार ढकलणार नाही. हवा खरोखर काढलेली असावी. यंत्र उलटे वळवले की रेटा उलटा व्हावा आणि बंद केले की थांबावा. खाचा नसलेल्या यंत्राने काही देऊ नये. थरथरणारे यंत्र काट्यावर न ठेवता दोरीने टांगावे; रेटा खरा असेल तर ते एका बाजूला झुकून तसेच राहील, खोटा असेल तर नुसते डोलेल. शक्ती दुप्पट केली की रेटा त्या प्रमाणात वाढावा, आणि तापलेला आधार, पृथ्वीचे चुंबकत्व व इमारतीचे हादरे यांचा वाटा वजा केल्यावरही काही शिल्लक उरावे. शेवटी दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो यंत्राबद्दल प्रेम नसलेल्या माणसाने, तेच मोजून तोच आकडा काढावा. एवढे झाल्यावर कक्षेत सोडावे आणि जमिनीवरच्या रडारने त्याची कक्षा मोजावी. या यादीतल्या सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र अजून पुढे आलेले नाही. ज्यांना मागे काही न फेकता निघायचे आहे त्यांच्यासाठी तूर्त शिडे, ग्रह आणि दोर एवढीच साधने उपलब्ध आहेत.